ब्रिन सियोनची पाटी
"शिष्यवृत्ती म्हणजे पगार नव्हे, पोरी," बँकेत गृहकर्जाचे साहेब म्हणाले. विद्यापीठात संशोधन करणाऱ्या मेरेरिदने पिशवीतून घराची दगडी नावपाटी काढून टेबलावर ठेवली. प्रवचनकार आजोबा राहायचे ते चॅपेलचं, म्हणजे गावच्या प्रार्थनाघराचं, घर तिला घ्यायचं होतं. इंग्लंडहून आलेलं दुसरं गिऱ्हाईक घराचं 'सियोनची टेकडी' अशा अर्थाचं वेल्श नावच पुसणार होतं, म्हणून तिने पाटी आधीच उतरवून आणली होती. "तीन वर्षं दरमहा पैसे येणारेत, साहेब. तुमच्या नोकरीची आहे तेवढी हमी?" "आवाज खाली!" "आजोबांनी तरी कधी खाली ठेवला?" मेरेरिद उभी राहिली. आजोबा रंगात आले की प्रवचन गाऊ लागत, त्याच सुरात तिने पाटीवरचं नाव आळवलं, "ब्रिन सियोन!" रांगेतल्या म्हाताऱ्यांनी चॅपेलच्या सवयीने साथ दिली, "आमेन!" लहानपणी त्याच चॅपेलच्या बाकांवर वाढलेल्या साहेबांच्याही तोंडून नकळत निघून गेलं, "आमेन." मेरेरिदने खुर्ची पुढे ओढली. "झालं तर! सांगा, सही कुठे करू?"