प्रत्येकजण किमान तीनदा

वार्षिकांकाच्या बाईंनी संपादक मंडळाला बजावलं होतं, "दहावीचं प्रत्येक पोर अंकात किमान तीनदा दिसलंच पाहिजे. एक जरी सुटलं, तर गाठ माझ्याशी आहे!"

मंडळातली फोटोवाली, स्वतःही दहावीतलीच, वर्षभर भिंगरीसारखी फिरली. घाईघाईत कॅमेऱ्यापुढे हमखास तिचा अंगठा यायचा. बाई कपाळावर हात मारून घ्यायच्या आणि तोच फोटो लावायच्या.

अंक छापून आला. फोटोवालीची मैत्रीण किंचाळली, "अगं, सगळे आहेत, तूच नाहीस कुठे!"

फोटोवालीचं तोंड एवढंसं झालं. बाईंनी मात्र पानाच्या कोपऱ्यातल्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "पानोपानी आहे की ही! तीनदा म्हटलं होतं गं, अंकभर नाही!"

दुसऱ्या दिवशी अख्खा वर्ग आपापला अंक उघडून तिच्यापुढे रांगेत उभा राहिला. पहिल्याने शाईचा पॅड पुढे केला.

"सही नको. अंगठा दे!"