शीतगृहातून आलेलं उत्तर

द्राक्षांचा हंगाम संपला की पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये मी मुलांचा सुट्टीचा वर्ग घेतो. आज आम्ही स्वतःची भाषा बनवली. ‘लुमो’ म्हणजे तू ये, ‘लुमी’ म्हणजे मी येते. लाडाने बोलायचं तर शेवटी ‘डू’ जोडायचा.

“आजोबा, कोल्ड स्टोरेजात ओरडू? लय घुमतं तिथं,” मोहिनी म्हणाली.

“ओरड की!”

रिकाम्या खोलीच्या दारातून ती ओरडली, “लुमो!”

आतून तिच्याच आवाजात आलं, “लुमी.”

मुलं खिदळली. “कोण रे लबाड आत?” म्हणत मी वळलो. सगळी मुलं माझ्यामागेच उभी होती. मी मोहिनीचा हात घट्ट धरला.

“मोहिनी, लुमोडू,” आतून हळूच आलं.

“लुमीडू,” म्हणत मोहिनीने माझा हात सोडवला.