ऑपरेटरची चूक

बिडकीनजवळच्या कारखान्यात मशीनचा स्क्रीन अधूनमधून अचानक बंद पडायचा. त्याचा प्रोग्राम मोनिकानं लिहिला होता. तिच्या कॉम्प्युटरवर तो एकदाही बंद पडला नाही, म्हणून तिनं कळवलं, "ऑपरेटर चुकीची बटणं दाबतोय." साहेबांनी मशीन चालवणाऱ्या कारभारीकाकांना तिथून काढून गेटवर राखणीला बसवलं.

महिन्याभरानं दोष सापडला. प्रोग्रामचे दोन थ्रेड, म्हणजे त्यात एकाच वेळी चालणारी दोन कामं, कधीतरी एकाच क्षणी स्क्रीन बदलायला जात आणि सगळंच कोसळे. चूक तिच्याच कोडमध्ये होती.

साहेबांना सांगून ती थेट गेटवर गेली. "काका, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. मीच चुकले. उद्यापासून परत मशीनवर या."

काका स्टुलावरून उठले.

"तुम्ही लई शिकलेल्या, मॅडम. मलाबी ते खरंच वाटलं. आता घराला कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघतो मी."