आलेखातली खाच

"ही खाच का पडली असेल?" अध्यक्ष बाईंनी आलेख तिच्यापुढे सरकवला.

मुलाखतीला बसलेल्या मुलीने तो जवळ ओढला. आलेखात हजारभर क्वेसार होते, म्हणजे फार दूरच्या दीर्घिकांचे ताऱ्यासारखे दिसणारे तेजस्वी गाभे. प्रत्येकाची ताम्रसृती, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे किती सरकला याचं माप, मांडलेली. त्यावरून अंतर कळतं. एका ठरावीक अंतरावर मात्र जवळजवळ एकही क्वेसार नव्हता. ही खाच वीस वर्षांपूर्वी बाईंनीच शोधली होती. त्यांचं सगळं नाव तिच्यावर उभं होतं.

मुलीची ही शेवटची संधी. यंदा संशोधकाची जागा मिळाली नाही तर ताईच्या शिकवणीत गणित शिकवायचं, असं घरी कबूल करून ती आली होती. त्यात मुलाखतीचं मेलं पत्र चारच दिवस आधी हातात पडलं. गोड बोलून वेळ मारून न्यावी, असं तिच्या मनात आलं. पण जीभ ऐकेल तर ना.

"खाच आकाशात नसावी," ती म्हणाली. "आपल्या निवडीत असावी."

"म्हणजे?"

"आपण आधी फोटोत रंग बघतो. रंग वेगळा दिसला तरच ताम्रसृती मोजायला घेतो. त्या अंतरावरचे क्वेसार साध्या ताऱ्यांच्याच रंगाचे दिसतात. मग तारे समजून आपण ते बाजूला टाकतो. मोजलेच नाहीत, तर आलेखात येतील कुठून?"

शेजारचे सदस्य खाकरले. "ही खाच कोणाची, माहीत आहे ना?"

"माहीत आहे, सर. नसतं तर जरा मोठ्याने बोलले असते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी सावकाश चष्मा पुसला. "मग आता काय करायचं?"

"टाकलेल्यांतले थोडे उचलून मोजायचे. कुठलेही."

"गेल्या महिन्यात दोनशे मोजले," बाई म्हणाल्या. "तीन क्वेसार निघाले. तिन्ही खाचेतले. वीस वर्षं मी ते फेकत होते."

मुलीने आलेख हळूच त्यांच्याकडे परत सरकवला.

"सोमवारपासून या." बाईंनी तिची फाइल पुढे केली. "ही ऑफिसात द्या."

बाहेर येताच तिचे डोळे भरून आले. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. ताईला फोन लावता लावता तिने फाइल उघडली. तिच्या अर्जावर दीड महिन्यापूर्वीचा लाल शिक्का होता: नामंजूर, गुण कमी. त्याखाली बाईंनी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं, "टाकलेल्या अर्जांतले दहा उचलून बोलवा. कुठलेही."