बेळ्ळीची भीती

बेळ्ळी घोडीनं पाय आपटला आणि शेवंताच्या हातातला गूळ मातीत पडला.

"असू दे. तशीच बस," नागोजी फाटकापाशी उभा राहून म्हणाला. "पाठ कर तिच्याकडं. डोळ्यात बघू नगो. पहिल्या मालकानं लई मारलंय तिला. कुणी हात वर केला की तिला वाटतं, आता रट्टा बसणार."

शेवंता घोडीकडे पाठ करून बसली. सांगितलं ते निमूट करायचं, एवढं ती शिकून आली होती. शिकवणारा तिचा पहिला नवरा अळणावरकडच्या गावात दारू पिऊन मेला. मग भावानं पाट लावून तिला हुबळीच्या या टांगेवाल्याच्या घरी पाठवलं. सोबत लुगडी दोन आली, भीती मात्र गाठोडंभर.

नवा नवरा नागोजी अंगानं धिप्पाड. हा मारायला उठला तर एका तडाख्यात आपण आडव्या, हे शेवंतानं पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यानं अजून बोट लावलं नव्हतं. पण त्याचा भरवसा काय? पहिल्यानंही सुरुवातीला लावलं नव्हतं. परत आलीस तर दार उघडणार नाही, असं भावानं बजावलं होतं. म्हणजे हे घरही असंच निघालं तर जायचं कुठं?

नागोजी दुसरा घोडा टांग्याला जुंपून स्टेशनवर जायचा. संध्याकाळी परतला की बेळ्ळीला चारायचा दुसऱ्या दिवसाचा गुळाचा खडा शेवंतासाठी ओट्यावर ठेवायचा आणि मागं सरायचा. शेवंताच्या हातात त्यानं कधी काही दिलं नाही. ती ताट उंबऱ्यात ठेवून आत गेली की मगच तो ते उचलायचा. झोपायलाही बाहेर टांग्यातच. आपण त्याच्या मनातून उतरलोय, हे आज ना उद्या अंगावर शेकणार, असं तिला वाटे.

आणि त्यात ही घोडी! तिनं कान हलवले की शेवंताच्या छातीत धस्स होई. ती फुरफुरली की गूळ हातातून निसटे.

"मला न्हाई जमायचं," एकदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली. आपण होऊन तोंड उघडायची त्या घरातली तिची ती पहिलीच वेळ.

"भ्यालेल्या जिवाच्या मागं लागायचं नसतंय," नागोजी लांबूनच म्हणाला. "आपण सुम्मने, गप बसायचं. त्याचं तेच येतंय."

मग एका दुपारी तिच्या मानेवर ऊन ऊन श्वास आला. शेवंता थिजली. मऊ ओठांनी तळहात चाचपला, गूळ उचलला आणि ते भलंमोठं डोकं तिच्या खांद्यावर निवांत टेकलं. किती गं मार खाल्लास बाई, असं म्हणत शेवंता घोडीच्या गळ्यात पडून पोटभर रडली.

तेवढ्यात शेजारच्या सखूबाईची कोंबडी भिंतीवरून आत उडाली. मागोमाग म्हातारी आली आणि कोंबडी धरायला चक्क बेळ्ळीच्या पोटाखालून रांगत निघाली.

"अक्का, लाथ मारंल!" शेवंता किंचाळली. "मार खाल्लेली हाय ती!"

"ही?" सखूबाई पोटाखालूनच हसली. "हिनं जन्मात छडी बघितली न्हाई. ह्याच अंगणात जन्मली, नागोजीनं लेकरावानी वाढवली. माशी बसली तर पाय आपटती, तेवढंच. बँड वाजू दे, फटाके फुटू दे, नवरदेवाला पाठीवर घेऊन लॅमिंग्टन रोडवरनं गाईवानी गरीब चालती. औंदा ऐन लग्नसराईत त्यानं घरी का बांधून ठेवलीया, त्यालाच ठावं."

कोंबडी काखोटीला मारून म्हातारी गेली. मग भ्यालेला जीव तो कुणाला म्हणाला होता? शेवंता कितीतरी वेळ ओट्याकडे बघत बसली.

संध्याकाळी नागोजी आला. दुसऱ्या दिवसाचा खडा त्यानं ओट्यावर ठेवला आणि नेहमीसारखा मागं सरला. शेवंतानं तो उचलला नाही. इतकी भीती एका दुपारीत जाणारी नव्हती. तरी ती अंगण ओलांडून त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली आणि तळहात पुढं केला.

"हातात द्या," ती म्हणाली.