‘टेक’ची शिकवणी

“पुन्हा,” जुरेमाबाई म्हणाल्या. “साहेब म्हणेल, टेक ऑफ युअर शूज. काय करायचं?”

आदेमारने जरा विचार केला आणि टेबलावरचं पाकीट उचललं.

“अहो, बूट! बूट काढायचे. पाकीट कुठं मागितलं त्यानं?”

शेजारी बसलेली नऊ वर्षांची जानाइना फिसकन हसली आणि लगेच गप्प झाली.

ब्राझीलमधल्या या वालादारिसमध्ये बाईंकडे इंग्रजी शिकायला येणारा प्रत्येक जण या शब्दापाशी आपटतो. आमच्या पोर्तुगीजमध्ये बस पकडायला एक क्रियापद, पोराला शाळेत न्यायला दुसरं, बूट काढायला तिसरं, वेळ लागायला चौथं. इंग्रजांनी ही सगळी कामं एकट्या ‘टेक’च्या गळ्यात मारलेली. बाईंचं म्हणणं असं, की ज्याला तीन आठवड्यांत अमेरिकेच्या सरहद्दीवर उभं राहायचंय त्याने शंभर शब्दांच्या मागे लागू नये. शंभर कामं करणारा हा एकच धरावा.

आदेमारकडे तीनच आठवडे होते. आणि बरोबर मुलगी.

लेकरू बरोबर असलं की तिकडे आत घेतात, अशी गावात बोलवा होती. म्हणून निघालेले बाप आपली पोरं बरोबर नेत. ज्यांना नव्हती ते दुसऱ्याची नेत. गेल्या वर्षी बाईंनी एका माणसाकडून आणि त्याच्या ‘मुली’कडून सगळी उत्तरं घोटून घेतली होती. पोरगी पोपटासारखी बोलायला लागली. बाई खूश. दोन महिन्यांनी त्या मुलीची खरी आई फोटो घेऊन दारात उभी राहिली. मुलगी अजून सापडलेली नाही. त्या दिवसापासून बाईंना घास गोड लागला नव्हता. असं पुन्हा आपल्या हातून होऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

म्हणून त्या आदेमारवर नजर ठेवून होत्या.

“जानाइनाची जन्मतारीख?”

त्याने खिशातून कागद काढला, बघितला, मग सांगितली.

“साहेबासमोर कागद चालायचा नाही. तिला खायला काय आवडतं?”

“पेरूची वडी.”

“मला नाही आवडत,” जानाइना म्हणाली.

“आधी आवडायची,” तो पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

त्याच्या बोलण्याला वालादारिसचा हेलही नव्हता. मधूनच एखादा शब्द समुद्रापलीकडून आल्यासारखा यायचा.

“कुठले हो तुम्ही?”

“इथलाच. मधली वर्षं बाहेर होतो.”

“बाहेर म्हणजे?”

“कामावर.”

बाईंना गेल्या वर्षीचा तो माणूस आठवला.

जानाइनाला आणायला-न्यायला तिची मावशी यायची, नेउझा. शिकवणी संपेपर्यंत ती ओट्यावर लोकरीचं विणत बसे. आत कधी डोकावत नसे. एका दुपारी बाई तिच्याजवळ जाऊन बसल्या.

“नेउझाताई, खरं सांगा. हा तिचा बाप आहे?”

नेउझाची सुई थांबली. “कागदावर तसंच लिहिलंय, बाई.”

“आणि कागद बाजूला ठेवला तर?”

“मी काय बोलणार? तिची आई गेली तेव्हा ही वर्षाची होती. तेव्हापासून माझ्या कुशीत झोपते.” तिचे डोळे भरून आले. “तिलाच विचारा ना. लेकरू खोटं कशाला बोलेल?”

बिचारी घाबरलीय, बाईंना वाटलं. धमकावलं असणार हिला त्याने.

पुढच्या शिकवणीला त्यांनी आदेमारला खडू आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात पिटाळलं. दार लोटून घेतलं.

“जानाइना, हा माणूस कोण आहे तुझा? मला सांग. कोणी रागावणार नाही.”

रोजच्या उत्तराला दहादा अडखळणारी ती मुलगी फरशीकडे बघत एका दमात म्हणाली, “ते माझे पप्पा नाहीत. मला त्यांची भीती वाटते. मला त्यांच्याबरोबर पाठवू नका.”

बाईंनी तिला छातीशी धरलं.

शुक्रवारी आदेमार आला तेव्हा बाईंच्या स्वयंपाकघरात बालसंरक्षण कार्यालयाच्या दोन बाया आणि एक पोलीस बसले होते. तो सगळ्यांकडे बघत राहिला. त्याने जन्मदाखल्याचा कागद काढला, पुढे केला. पोलिसाने तो न वाचताच घडी घालून खिशात टाकला. असले बनावट कागद या गावात पुष्कळ निघत.

“माझीच आहे हो ती,” आदेमार म्हणाला. “तिला विचारा. तिलाच विचारा.”

कार्यालयातली बाई गुडघ्यांवर बसली आणि तिने विचारलं. जानाइनाने दारात उभ्या असलेल्या मावशीकडे एकदा बघितलं आणि तीच तीन वाक्यं त्याच क्रमाने म्हटली.

पोलिसाने आदेमारला बाहेर नेलं. गाडीत बसेपर्यंत तो जानाइनाकडेच बघत होता, आणि त्याची ती नजर बाईंना सोसवेना. त्यांनी तोंड फिरवलं.

“चौकशी होईपर्यंत मुलगी मावशीकडे राहू दे,” कार्यालयातली बाई म्हणाली. “सहा महिने लागतील. वर्षही लागेल. आणि तुमचे आभार, बाई. तुम्ही होतात म्हणून.”

वर्षभरात पहिल्यांदाच बाईंना छाती भरून श्वास घेता आला. निदान ही एक तरी वाचली. नेउझाने जाताना त्यांचे दोन्ही हात धरले, डोळ्यांना लावले आणि मुलीला घेऊन निघाली.

ती गेल्यावर बाईंना खुर्चीवर जानाइनाची वही दिसली. ती घेऊन त्या लगबगीने फाटकापर्यंत आल्या. दोघी भिंतीच्या पलीकडेच होत्या. हाक मारायला बाईंनी तोंड उघडलं, तेवढ्यात जानाइनाचा आवाज आला.

“मावशी, तू शिकवलंस तस्संच म्हटलं ना मी? मग आता तू म्हणालीस तसं पप्पांना सोडतील ना?”