चौकटीवरचा दिवा

उंबरठ्यावर पाऊल ठेवताना कमलाक्षीबाईंनी चौकटीवरील दिव्याकडे पाहिले. येणाऱ्याचे रक्त तपासणारा तो दिवा हिरवा उजळला. रक्त निर्दोष होते. बारशात बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, म्हणून त्या सकाळीच डायलिसिस करून आल्या होत्या.

भावजय गिरिजाने पाळणा मागे ओढला. "वन्सं, किडनीच्या आजाराची लागण होत नाही हे ठाऊक आहे मला. पण बाळ लहान आहे. नाव माझ्या बहिणीला सांगा, ती सांगेल कानात."

बहीण पुढे आली आणि नाकाला रुमाल लावून चार हातांवर थांबली.

"जवळ ये गं," कमलाक्षीबाई म्हणाल्या.

"इथून ऐकू येतंय, सांगा."

दिव्याच्या हिरव्या उजेडात त्यांनी नाव मोठ्याने उच्चारले. ते साऱ्या घराला कळले. बाळाला मात्र सर्वांत शेवटी.